आत तुमीच यायचं

साखरेची वाटी शेजारच्या पारुबाईंच्या हातात जाण्याआधीच ऐश्वर्यानं ती मधल्यामध्ये घेतली आणि अंगणात उपडी केली! सारवलेल्या जमिनीवर साखर पसरली, दोन कोंबड्या धावत आल्या, आणि ओसरीवर बसलेल्या बायका एकमेकींची तोंडं पाहू लागल्या...

"साखर वाटायची न्हाई, आत्याबाई," ऐश्वर्या सासूला म्हणाली. "मागल्या टायमाला बी तुमी सगळ्या आळीला वाटली होती. काय झालं त्याचं?"

द्वारकाबाई हातातला साखरेचा डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. कुरुंदा गावात त्यांना केवढा मान! कुणाच्या घरी बाई बाळंतपणाला अडली की उशाशी बसायला द्वारकाबाईंना बोलावणं यायचं. त्यांनी धीर दिला की बाई मोकळी होते, असा लोकांचा विश्वास. स्वतःची चारही लेकरं त्यांनी घरातच जन्माला घातली होती, आणि ती हकीकत सांगताना एक वाक्य त्या हमखास घालत, "आमच्या घरात आजवर कुणाच्या पोटाला सुरी लागली न्हाई." अशा बाईला भरल्या ओसरीवर सुनेनं हे ऐकवावं, आणि तेही पुन्हा दिवस गेल्याची गोड बातमी सांगायच्या दिवशी! पण ऐश्वर्या मागं वळूनही न पाहता आत गेली, आणि जाताना तिच्या ओठांवर चक्क हसू होतं.

त्या हसण्यामागं तीन वर्षांची आग होती. ऐश्वर्याची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असूनही ते सासरीच ठरलं. "मी हाय की तिची माय," असं द्वारकाबाईंनी सोयऱ्याधायऱ्यांसमोर सांगितलं, तेव्हा आईविना वाढलेल्या त्या अभागी पोरीचा ऊर कसा भरून आला होता! रात्री पांघरुणात तोंड खुपसून ती आनंदानं रडली होती. आपल्यालाही आता आई आहे, एवढंच त्या भोळ्या जिवाला वाटलं.

दिवस भरले ते नेमके हळदीच्या हंगामात. अंगणात हळद शिजवायचा कुकर आणून उभा केलेला, त्याखाली जाळ धडधडतोय, ओल्या हळदीची एक खेप आत जातेय, शिजलेली वाफाळती खेप बाहेर पडतेय, माणसांची नुसती धावपळ. त्याच सकाळी मागच्या खोलीत ऐश्वर्याला कळा सुरू झाल्या. घरातून बाहेर पडायची वाट कुकरला अगदी खेटून. आणि द्वारकाबाईंचा पक्का समज, की हळद शिजत असताना बाळंतपणाचा विटाळ तिच्या जवळून गेला तर रंग उतरतो, सगळा माल काळा पडतो! त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलं होतं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं.

"आत्याबाई, जीप बोलवा... मला कायतरी येगळंच होऊन राहिलं..."

"थोडं थांब गं. एवढी खेप उतरू दे, मग निघू."

ती खेप उतरली, दुसरी लागली. दुसरी उतरली, तिसरी लागली. गावभरच्या बायकांच्या उशाशी बसणारी ती बाई त्या दिवशी हळदीपाशी बसली! ऐश्वर्या भिंतीवर हात आपटत होती, हाका मारत होती. नवरा शिवशंकर जाळापाशीच होता. त्यानं मागच्या खोलीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं आणखी एक लाकूड आत सारलं.

दिवस कलल्यावर जीप आली. दवाखान्यात मुलगा जन्मला... पण तो रडला नाही. ऐश्वर्याचं अंग इतकं खोलवर फाटलं होतं की पुढं कितीतरी दिवस तिला धड बसता येत नव्हतं, आणि मोरीत जायचं म्हटलं की पदराचा बोळा दातांत धरावा लागे. हे सगळं तिनं सोसलं. दैवाला दोष देऊन कदाचित ती गप्पही राहिली असती. पण समाचाराला येणाऱ्या बायकांना द्वारकाबाई काय सांगत होत्या, ते आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिच्या कानांवर आलं.

"पोरीनं दम सोडला वो! जोरच लावला न्हाई. आजकालच्या पोरींत ताकदच न्हाई राहिली."

दम सोडला! म्हणजे पोटच्या गोळ्याला तिनंच मारलं! त्या घटकेला ऐश्वर्याच्या अंतःकरणातलं काहीतरी दगडासारखं घट्ट झालं, ते पुन्हा मऊ झालं नाही. आणि त्या वर्षी त्यांच्या हळदीला रंग मात्र असा चढला, की लोक मूठभर हातात घेऊन उन्हात पाहायचे आणि वाहवा करायचे.

आता पुन्हा दिवस गेले होते, आणि ह्या बाळंतपणातच सगळा हिशेब चुकता करायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या साधना मॅडमनी तिला नीट तपासलं आणि समोर बसवलं. "मागच्या वेळी तुम्हाला फार मोठी इजा झाली होती," त्या म्हणाल्या. "ती आता भरून आली आहे. नॉर्मल होऊ शकतं, पण पुन्हा फाटण्याची भीती आहे. सिझर केलं तर ती भीती नाही, पण पोटाची जखम आणि तिचा त्रास आहेच. दोन्हीला दोन बाजू आहेत. तुम्हाला काय हवंय?"

तुम्हाला काय हवंय! ऐश्वर्या बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी तिला ओसरीवर बसून पोटाच्या सुरीची फुशारकी मारणाऱ्या द्वारकाबाई दिसल्या, आणि तिचे डोळे चमकले.

"सिझर करा," ती म्हणाली. "अन् टाके चांगले मोठे घाला मॅडम. दिसले पायजेत!"

मॅडम हसल्या नाहीत. "हे तुम्ही स्वतःसाठी मागताय, की कुणाला दाखवायला?"

ऐश्वर्याला त्यांचा राग आला. काय कळतंय ह्यांना! ती तडक उठली, आणि जीपमध्ये सगळ्या वाटेनं त्या प्रश्नाला मनातल्या मनात उलटून बोलत राहिली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. खरं तर तिनं ते होऊच दिलं नसतं, पण आळीतल्या सगळ्या बायका एका जागी तिला हव्या होत्या! हिरवी साडी नेसून, हिरवा चुडा भरून ती पाटावर बसली, तेव्हा किती गोजिरी दिसत होती! पहिली ओटी सासूची. द्वारकाबाई खण-नारळ घेऊन पुढं आल्या. साखर सांडली त्या दिवसापासून सुनेनं त्यांच्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नव्हतं, तरी आज त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. त्या वाकल्या... आणि ऐश्वर्यानं पदर आवरून घेतला!

"तुमच्या हातानं न्हाई."

"अगं, काहून असं करून राहिली?" पारुबाई घाबऱ्याघुबऱ्या पुढं झाल्या. "सणासुदीच्या टायमाला..."

"सांगते काहून ते. समद्याजणी ऐका." ऐश्वर्याचा आवाज जराही कापत नव्हता. "माझ्या पोरानं पोटात जीव सोडला, तव्हा मी मागच्या खोलीत सकाळधरून हाका मारत होते. जीप बोलवा म्हणत होते. अन् ह्या म्हणत होत्या, खेप उतरू दे. हळदीला विटाळ होईल! एक न्हाई, तीन खेपा उतरल्या, मग जीप आली. अन् तुमाला सांगितलं, पोरीनं दम सोडला! मी दम न्हाई सोडला, पारुबाई. माझं लेकरू हळदीपायी गेलं!"

सगळ्या ओसरीनं द्वारकाबाईंकडं पाहिलं. त्या नाही म्हणू शकल्या असत्या. सून खोटं बोलतेय म्हणाल्या असत्या, तर निम्म्या बायकांनी विश्वासही ठेवला असता. पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"वर्साचं पीक व्हतं गं ते..."

"म्हंजी हे खरं हाय व्हय, द्वारकाबाई?" पारुबाईंनी तोंडावर हात घेतला.

द्वारकाबाईंनी नारळ खाली ठेवला आणि भिंतीचा आधार घेत त्या आत गेल्या. ऐश्वर्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला सांगा! तीन वर्षांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्यानंतर द्वारकाबाईंना गावातून बोलावणं येईना. खुद्द पारुबाईंच्या सुनेचे, पुनमचे, दिवस भरले. कळांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता, आणि द्वारकाबाई हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन, दारात बसून राहिल्या होत्या. मग पारुबाईंच्या दारात गाडी आली, पुनमला घेऊन गेली, आणि जाताना कुणी द्वारकाबाईंकडं मान वळवूनही पाहिलं नाही. ऐश्वर्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं पाहत होती. काळजात कुठंतरी बारीकसं टोचलं, पण तिनं ते तिथंच दाबून टाकलं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द! तेवढे ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण द्वारकाबाई पहाटे उठत, तिच्यासाठी पाणी तापवत, गरम भाकरीवर लोणी घालून ताट तिच्यापुढं सरकवत, आणि ते दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हते.

नववा लागला. सिझरची तारीख ठरवायला ऐश्वर्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या सिस्टरनी बोलता बोलता सांगितलं, की आता बाळंतपणाच्या खोलीत घरची एक बाई सोबतीला राहू शकते.

"अन् सिझरला?" ऐश्वर्यानं विचारलं.

"सिझरला नाही. ऑपरेशनच्या खोलीत कुणालाच सोडत नाहीत."

तिचं तिथंच ठरलं, आणि मॅडमशी बोलूनच ती घरी आली. "मी नॉर्मलच करणार हाय," तिनं शिवशंकरला सांगितलं. "मॅडम तयार हायेत. मधी कधी बी वाटलं तर लगेच सिझर करू म्हणाल्या. अन् सोबतीला आत्याबाई येतील."

शिवशंकरला काही उमगेना. "परत फाटायची भीती हाय म्हणल्या ना त्या? मग काहून हे? अन् मायलाच काहून?"

"कारण त्यांनी पाह्यलं न्हाई! मी कशी मेले ते त्या दिवशी त्यांनी पाह्यलं न्हाई, तुमी बी न्हाई. तुमी दोघं हळदीपाशी होता. आता एकीनं तरी पाह्यलं पायजे."

"अन् तुझ्या जिवाचं काय?"

"माझा जीव तव्हा आठवला व्हता का तुमाला?"

शिवशंकरनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिला त्याची दया आली नाही. दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आत तुमीच यायचं, आत्याबाई," ऐश्वर्या त्यांच्याकडं वळून म्हणाली. "अन् डोळे मिटायचे न्हाईत."

"येईन मी," द्वारकाबाई म्हणाल्या.

कळा आल्या त्या भल्या सकाळी. ह्या वेळी जीप दाराशी आली तेव्हा ऐश्वर्याची वेणीही घालून झाली नव्हती, इतकी शिवशंकरनं घाई केली. दुपार व्हायच्या आत ती बाळंतपणाच्या खोलीत पोचली होती, आणि खाटेच्या पायथ्याशी, अंग चोरून, द्वारकाबाई. सुरुवातीला ऐश्वर्यानं अगदी मन लावून त्यांच्याकडं पाहिलं. कळ आली की ती ओठ चावून, डोळे त्यांच्यावर रोखून, जणू म्हणायची, पाहा! हेच ते! त्यांनी पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. पाणी पुढं केलं, ते तिनं दूर ढकललं. द्वारकाबाईंनी पुन्हा पेला भरला आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पण दुपार उलटली, आणि देहाचे हाल मनाला पुरून उरले. कळांवर कळा येत होत्या, बाळ मात्र खाली सरकत नव्हतं. आणि मग एक कळ अशी आली, की ऐश्वर्याला ती ओळखीची वाटली! तीच जागा, तोच दाब, तेच आतून उसवत जाणं... अरे देवा, हे काय करून बसले मी! सिझर मागता येत होतं, तारीख ठरणार होती. सासूला दाखवण्याच्या हट्टापायी आपण आपल्याच पायांनी त्या मागच्या खोलीत परत चालत आलो... आणि ह्या वेळी लेकरालाही आपणच आणलं! सूड, अभिमान, तीन वर्षांचा संताप, सगळं गळून पडलं आणि नुसती भीती उरली.

"बस झालं..." ती सिस्टरला म्हणाली. "आता न्हाई. मॅडमला बोलवा. सिझर करा माझं."

सिस्टर तरुण होती, दिवसभर उभी राहून थकलेली होती. "होतंय हो, होतंय," ती समजुतीनं म्हणाली. "सगळ्याच बायका असं म्हणतात. थोडं थांबा, नॉर्मल होईल."

"थोडं थांबा?"

हा आवाज कुणाचा ते आधी ऐश्वर्याच्या ध्यानातच आलं नाही. पाण्याचा पेला फरशीवर पडला. द्वारकाबाई पुढं आल्या होत्या, डोक्यावरचा पदर खाली घसरला होता.

"काहून थांबायचं? ती म्हणून राहिली ना, न्हाई होत म्हणून! तिचं ऐका! मी न्हाई ऐकलं तव्हा... ती अशीच म्हणत होती, अशीच... अन् मी म्हणलं थोडं थांब! माझा नातू मारला मी, सिस्टर! मी मारला! अन् वरून गावाला सांगितलं, पोरीनं दम सोडला. खोटं सांगितलं मी. तिनं न्हाई सोडला. वाघिणीवाणी झुंजली ती!"

सिस्टर काही बोलायच्या आत त्या अनवाणी धावत बाहेर गेल्या. रांगेतल्या बायका, सोबतचे पुरुष, झाडूवाल्या मावशी, सगळ्यांच्या देखत ती मानी बाई हंबरडा फोडत त्या दवाखान्यात मॅडमना शोधत फिरली! "मॅडम, चला! माझी सून बोलावून राहिली. पोट फाडा, काय बी करा, पण ती म्हणती ते करा!"

मॅडम आल्या. त्यांनी हात लावून पाहिलं, बाळाचे ठोके ऐकले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बोलावलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी विचारलं, "ऐश्वर्या, काय करायचं? तुम्ही सांगा."

द्वारकाबाई दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी हात जोडले होते. ते मॅडमना होते, देवाला होते की सुनेला, कुणास ठाऊक. ऐश्वर्यानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, कुणाला भिऊनही नव्हे, तर स्वतःच्या आणि पोटातल्या जिवाच्या नावानं ती बोलली.

"न्या मला. सिझर करा."

मुलगी झाली. आणि ती रडली! अशी रडली, की बाहेर बाकावर बसलेला शिवशंकर दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडू लागला.

दुसऱ्या दिवशी ऐश्वर्या वॉर्डातल्या खाटेवर पडली होती. कुशीत लेक होती. पोटाची जखम ठणकत होती, पण ते दुखणं तिनं स्वतः मागून घेतलेलं होतं, त्यामुळे त्याचा राग येत नव्हता. द्वारकाबाई कालपासून दाराच्या आत आल्या नव्हत्या. डबा आणत, शिवशंकरच्या हाती देत, आणि बाहेरच्या जिन्यावर बसून राहत. नातीला त्यांनी लांबूनच पाहिलं होतं.

"मायला बोलवा," ऐश्वर्या नवऱ्याला म्हणाली.

त्या आल्या आणि खाटेपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. एका दिवसात किती म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या!

"चुकलं माझं, पोरी," त्या म्हणाल्या. "तव्हाच म्हणायला पायजे व्हतं. जीभ उचलत नव्हती. मी मारला असं कबूल केलं असतं, तर जगले कशी असते? म्हणून तुझ्यावर ढकललं. मला माफ कर म्हणायचं बी तोंड न्हाई मला."

"माफ न्हाई केलं अजून," ऐश्वर्या म्हणाली. "होईल का, ते बी ठाव न्हाई. खोटं कशाला बोलू?"

द्वारकाबाईंनी मान हलवली, डोळ्यांना पदर लावला आणि जायला वळल्या.

"आत्याबाई..."

त्या थांबल्या. ऐश्वर्या कुशीतल्या लेकीच्या बंद डोळ्यांकडं पाहत होती. तीन वर्षं एक प्रश्न तिच्या उरात कोंडला होता, तिनं तो नवऱ्यालाही विचारला नव्हता. त्या दिवशी ती बेशुद्धीत होती, आणि शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तो विचारावा असं सगळ्या जगात एकच माणूस होतं.

"तो कसा दिसत व्हता?"

द्वारकाबाई खाटेकडं वळल्या. "तुझ्यावाणी... रुंद कपाळ. केस लई होते, काळेभोर, मानेपर्यंत. मुठी झाकल्या होत्या. घरी येताना जीपमधी माझ्याच मांडीवर होता सारी वाट... घरी नेल्यावर मी त्येला न्हाऊ घातलं. समदे म्हणले, आता कशापायी? पण मी चुलीवर पाणी ठेवलं. गार पाणी त्येच्या अंगावर घालवेना गं मला..."

ऐश्वर्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं टाके सांभाळत, हळूहळू, पाय एका बाजूला घेतले आणि खाटेवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "अजून सांगा."

द्वारकाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. आणि त्या सांगत राहिल्या, बोटं कशी होती, नाक कसं होतं, हनुवटीवर खळी होती ती कुणासारखी. आणि ऐश्वर्या लेकीला छातीशी धरून आपल्या मुलाचं रूप पहिल्यांदाच पाहत राहिली.